गोठा, वाडी, बियाणे : ‘बायफ’ची वाटचाल

पुणे-सोलापूर मार्गावर पुण्यापासून तीसेक किलोमीटरवर उरुळी कांचन आहे. मार्च १९४६ मध्ये गांधीजी या गावात आठवडाभर मुक्कामाला होते. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते आणि तेथे गरिबांवर उपचार करावेत असा विचार आधी झाला होता. पण गरीब माणूस शहरातल्या दवाखान्यापर्यंत पोचत नाही, हे उमजल्यावर गांधीजींनी खेडे निवडले. उरुळीतले काम पुढे नेण्यासाठी जे कार्यकर्ते मागे राहिले, त्यांत सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावचे पंचविशीतले मणिभाई भीमभाई देसाई होते. बेचाळीसच्या लढ्यातून घडलेला हा तरुण उरुळीत आला तो कायमचा. १४ नोव्हेंबर १९९३ रोजी निधन होईपर्यंत उरुळी हीच त्यांची कर्मभूमी राहिली.

निसर्गोपचार आश्रमाच्या कामात मणिभाईंना एक गोष्ट लवकर कळली. आश्रमात बरा होऊन गेलेला माणूस घरी जाऊन पुन्हा अर्धपोटी राहत असेल, तर उपचार अपुराच राहतो. त्यामुळे त्यांचे लक्ष रुग्णाकडून त्याच्या शेताकडे, विहिरीकडे आणि गोठ्याकडे वळले. आश्रमाची जमीन कसता कसता ते शेती शिकले, गोशाळा सांभाळता सांभाळता पशुपालन शिकले. गीर गाईंचा उत्तम कळप त्यांनी तयार केला. निगा आणि निवड नीट असेल तर गाय किती दूध देऊ शकते, हे त्यांनी आधी स्वतःच्या गोठ्यात पाहिले. दोन दशकांच्या या अनुभवातून २४ ऑगस्ट १९६७ रोजी सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून ‘भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन’ स्थापन झाली. पुढे ‘बायफ डेव्हलपमेंट रिसर्च फाउंडेशन’ हे नाव रूढ झाले, मुख्यालय पुण्याजवळ वारज्याला आले. संशोधन केंद्र मात्र उरुळीतच राहिले.

गोठ्यापासून सुरुवात

साठच्या दशकात बहुतेक शेतकऱ्यांच्या दावणीला गावठी जनावरे होती. गाय दिवसाला लिटर-दीड लिटर दूध देई आणि तिला पोसण्याचा खर्च दुधातून निघत नसे. जातिवंत गाय विकत घेण्याची ऐपत लहान शेतकऱ्याकडे नव्हती. संस्थेने यावर उपाय शोधला तो असा : दारात आहे तीच गाय ठेवायची, तिची पुढची पिढी सुधारायची. होल्स्टीन आणि जर्सी वळूंचे गोठवलेले वीर्य द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला साठवून गावोगाव न्यायचे आणि रेतन शेतकऱ्याच्या दारात करायचे.

‘दारात’ हाच या कामाचा कणा होता. सरकारी दवाखाना दहा-बारा किलोमीटरवर असला, तर माजावर आलेली गाय चालवत नेईपर्यंत वेळ टळून जाते आणि मजुरी बुडते ती वेगळीच. म्हणून नायट्रोजनचे भांडे मोटारसायकलला बांधून प्रशिक्षित कार्यकर्ता स्वतः वस्तीवर जाऊ लागला. आरंभी सहकारी साखर कारखान्यांनी या केंद्रांना हात दिला, मग निरनिराळ्या राज्य सरकारांनी. हळूहळू हे काम महाराष्ट्राबाहेर गुजरात, कर्नाटक, राजस्थान, उत्तर प्रदेश अशा अनेक राज्यांत पसरले.

या कामाने संस्थेला एक सवय लावली, ती पुढे सर्वत्र उपयोगी पडली. रेतनानंतर वासरू व्हायला नऊ महिने जातात, ती कालवड विऊन दूध द्यायला आणखी अडीच-तीन वर्षे. म्हणजे पहिल्या भेटीनंतर जवळपास चार वर्षांनी शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो. एवढा काळ त्याचा विश्वास टिकवायचा, तर कार्यकर्त्याला पुन्हा पुन्हा त्याच दारात जावे लागते. गाय गाभण आहे का पाहायचे, लस टोचायची, चारा कुठला लावावा ते सांगायचे. योजना एकदा दिली आणि पुढच्या गावाला निघालो, ही पद्धत गोठ्यात चालत नाही.

चाऱ्याच्या शोधातूनच संस्था झाडांकडे वळली. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत संस्थेतले डॉ. नारायण हेगडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुबाभळीचा मोठा प्रसार केला. झपाट्याने वाढणारी, चारा आणि जळण दोन्ही देणारी ही वनस्पती पडीक जमिनीसाठी वरदान वाटत होती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सुबाभळीवर सायला नावाच्या किडीने हल्ला चढवला आणि दक्षिण भारतातल्या लागवडींची पालवी करपू लागली. एकाच झाडावर भिस्त ठेवली, तर एक कीड सगळा हिशेब मोडू शकते, हा धडा त्या काळातला आहे. पुढच्या सगळ्या कामात मिश्र लागवड आणि मिश्र उत्पन्न यांवर जो भर दिसतो, त्याचे एक कारण हे असावे.

वासदा, १९८२

संकरित गाईला हिरवा चारा लागतो, बारमाही पाणी लागते आणि रोजचे दूध उचलणारी डेअरी लागते. पश्चिम महाराष्ट्रातल्या बागायती पट्ट्यात या तिन्ही गोष्टी होत्या. सह्याद्रीच्या डोंगरातल्या आदिवासी पाड्यावर यांतली एकही नव्हती. तेथे उताराची, मुरमाड, एक-दोन एकर जमीन होती. त्यात पावसाळ्यात नागली, वरई, थोडा भात होई. दिवाळीनंतर घराला कुलूप लावून माणसे वीटभट्टीवर, मिठागरावर, शहरातल्या बांधकामांवर जात. ‘जगायला जाणे’ असे पालघरच्या पाड्यांवर याला म्हणतात. जंगल आजूबाजूला होते, पण लाकडासाठी आणि राबासाठी ते वर्षागणिक मागे हटत होते.

अशा मुलखासाठी वेगळे काही हवे होते. १९८२ मध्ये दक्षिण गुजरातच्या वासदा तालुक्यात वाडीचे काम सुरू झाले. त्याच वर्षी मणिभाईंना सार्वजनिक सेवेसाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरस्काराची बातमी सगळीकडे झाली. संस्थेच्या पुढच्या चाळीस वर्षांचे काम मात्र वासद्याच्या या वाडीतून उगवले.

वाडीची आखणी वरवर सोपी आहे. कुटुंबाच्या साधारण एक एकर वरकस जमिनीवर कलमी आंबा आणि काजूची मिळून चाळीस ते साठ झाडे लावायची. बांधावर आणि कुंपणाला शेकड्यांनी वनझाडे लावायची : बांबू, शिवण, खैर, गिरिपुष्प, सुबाभूळ. फळझाडांच्या ओळींत नागली, तूर, उडीद, भाजीपाला ही नेहमीची पिके चालूच ठेवायची. उताराला आडवे बांध आणि चर काढायचे, म्हणजे मातीही थांबते आणि पाणीही.

अडचण आखणीत नव्हती, ती पहिल्या पाच वर्षांत होती. कठीण मुरमात मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घेणे हे काम कुटुंबाने स्वतः करायचे असे ठरले होते, कारण ज्याने खड्डा खणला तोच झाड जगवतो. डिसेंबरनंतर ओढे आटत, तेव्हा बायका डोक्यावरून हंड्याने पाणी आणून रोपांना घालत. मोकाट गुरे, वणवे आणि वाळवी ही तीन संकटे दरवर्षी येत. आणि आंब्याला पहिले नाव घेण्याजोगे फळ धरेपर्यंत घर चालवायचे कशावर, हा प्रश्न होताच. यासाठी खड्डे, बांध आणि पाणी घालण्याच्या कामाला प्रकल्पातून मेहनताना दिला गेला, आंतरपिकांना बी-खत दिले गेले आणि गावात आयोजन समित्या बसवल्या गेल्या. चराईबंदीचा निर्णय समितीने घेतला तर टिकला. तो वरून सांगितला गेला तिथे कुंपण महिन्यात मोडले. आरोग्य, पिण्याचे पाणी आणि महिलांचे बचत गट हेही वाडीच्या कामाचेच भाग होते. आजारी माणूस खड्डा खणू शकत नाही. आरोग्य आणि पोट वेगळे काढता येत नाहीत, हा उरुळीचा जुना धडा इथे पुन्हा कामी आला.

भूमिहीनांचा प्रश्न वेगळा होता. ज्यांच्याकडे एक गुंठाही नाही, त्यांना वाडी काय देणार? त्यातून रोपवाटिका, कलमे बांधणे, गांडूळखत, परसातल्या कोंबड्या अशी कामे त्या कुटुंबांकडे आली. वासद्याजवळ लाछकडी येथे फळप्रक्रियेचे केंद्र उभे राहिले. तेथे काजूगर आणि आंब्याचे लोणचे तयार होऊन ‘वृंदावन’ या नावाने बाजारात गेले. झाडाखालचा आंबा व्यापाऱ्याला पडेल त्या भावात देण्याऐवजी स्वतःची सहकारी संस्था उभी करणे ही वासद्यातल्या कुटुंबांची मोठी कमाई होती. पुढे अशा गावगटांना जोडणारी ‘वसुंधरा’ ही उत्पादक कंपनीही झाली.

जव्हार : पाऊस भरपूर, पाणी कमी

महाराष्ट्रात हे काम रुजले ते तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातल्या जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागात. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागातल्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले होते. त्याच सुमारास, १९९३ मध्ये, महाराष्ट्रातल्या कामासाठी नाशिकला ‘मित्र’ ही सहयोगी संस्था स्थापन झाली. गुजरातेत ‘ध्रुव’, कर्नाटकात ‘बर्ड-के’ अशाच रीतीने उभ्या राहिल्या. मणिभाईंच्या पश्चात डॉ. हेगडे, नंतर गिरीश सोहनी आणि आता भरत काकडे यांनी संस्थेची धुरा वाहिली. पण निर्णय पुण्यात आणि काम पाड्यावर असे व्हायचे नसेल तर प्रत्येक राज्याला स्वतःचे पाय हवेत, हे धोरण या सहयोगी संस्था उभ्या राहतानाच ठरले.

जव्हारच्या पठारावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि फेब्रुवारी-मार्चपासून बायका पाण्यासाठी कोसभर चालतात. काळ्या कातळावरून पाणी वाहून जाते, मुरत नाही. त्यामुळे इथल्या वाडीबरोबर झऱ्यांचे बांधकाम, लहान पाटाने पाणी वळवणे आणि प्लास्टिक अंथरलेली छोटी जलकुंडे ही कामे आली. वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी, ठाकर या समाजांतली कुटुंबे यांत आली.

राज्य शासनाने १९९० मध्ये रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू केली होती. तिने महाराष्ट्राच्या कोरडवाहू शेतीचा चेहरा बदलला. वाडी आणि ही योजना यांत झाडे सारखीच होती. वाडीत कार्यकर्ता पुढची पाच-सात वर्षे त्याच पाड्यावर जात राहिला, एवढाच फरक होता.

विक्रमगड-जव्हारचा मोगरा हे या भागातले बोलके उदाहरण. पाण्याजवळच्या चार-पाच गुंठ्यांत मोगऱ्याची काही शे झाडे लावली की उन्हाळ्यात, म्हणजे नेमके जगायला जाण्याच्या दिवसांत, रोज पहाटे कळ्या खुडायला मिळतात. त्या पाट्या जीपने दादरच्या फुलबाजारात जातात. आंबा वर्षातून एकदा पैसा देतो, काजू एकदा देतो, मोगरा रोज देतो. रोजचा पैसा हातात असेल तर माणूस मुकादमाची उचल घेत नाही. स्थलांतर कमी झाले ते अशा छोट्या हिशेबांतून, आणि घर गावात राहिले म्हणून मुले शाळेत राहिली.

वाडी देशभर

१९९५ मध्ये जर्मनीच्या केएफडब्ल्यू या वित्तसंस्थेच्या साहाय्याने आणि नाबार्डमार्फत वासदा-धरमपूर भागात मोठा आदिवासी विकास कार्यक्रम सुरू झाला. त्यात तेरा हजारांवर कुटुंबांनी वाड्या केल्या. २००० नंतर नाशिक-ठाण्यात त्याच धर्तीचे काम आले. या अनुभवावर नाबार्डने २००३-०४ मध्ये ५० कोटी रुपयांचा आदिवासी विकास निधी उभारला आणि देशभरच्या संस्थांना वाडीसाठी मदत देऊ केली. एका तालुक्यातला प्रयोग राष्ट्रीय पातळीवर गेला.

या विस्ताराची दुसरी बाजूही या इतिहासात नोंदवली पाहिजे. मोजता येते ते वाढते, या नियमाने झाडांची संख्या हे अनेक ठिकाणी यशाचे माप झाले. जिथे पाण्याची सोय आधी झाली नाही, तिथे कागदावरच्या वाड्या उन्हाळ्यात वाळल्या. जिथे गावसमिती नावापुरती होती, तिथे चराईबंदी टिकली नाही. एका मोसमात सगळ्यांचा काजू एकदम बाजारात आला की भाव पडले. वाडी म्हणजे झाडे, असे समजणाऱ्यांना वाडी जमली नाही.

बियाण्याची जपणूक

फळझाडे वाढत होती, पण ओळींमधली आंतरपिके बदलत होती. संकरित भात आणि विकतचे बी आले तशा जुन्या जाती पाड्यांवरून दिसेनाशा होऊ लागल्या. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पाठबळाने सुरू झालेल्या महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पात संस्थेने जव्हार, अकोले, धडगाव या भागांत स्थानिक वाणांचा शोध सुरू केला. धडगावच्या सातपुड्यात मका आणि ज्वारीचे, जव्हारला भात-नागली-वरईचे, अकोले तालुक्यात वाल-घेवड्याचे आणि भाताचे वाण गोळा झाले. गोळा करून शीतगृहात ठेवण्यापुरते हे काम नव्हते. प्रत्येक वाण शेतात पेरून पाहायचा, त्याचे गुण लिहायचे आणि चांगले बी गावातच वाढवायचे, अशी पद्धत होती.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे या कामातून पुढे आल्या. शाळेची पायरी न चढलेल्या राहीबाईंनी आपल्या घरात बियाणे कोश उभा केला. त्या मडक्यांत, राखेत, कडुनिंबाच्या पाल्यात बी ठेवतात, आणि नेलेल्या बियाण्याच्या दुप्पट परत करण्याची अट घालतात. कळसूबाई परिसरातल्या शेतकऱ्यांची बियाणे संवर्धन समिती या कामातून आकाराला आली. २०२० मध्ये राहीबाईंना पद्मश्री जाहीर झाली आणि ‘बीजमाता’ हे नाव घरोघरी पोचले. त्यांच्या मागे आणखी अनेक पाड्यांवरच्या बायका आहेत. बी निवडणे आणि राखणे हे काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच हातात होते, एवढेच संस्थेने जगासमोर आणले.

याच डोंगरपट्ट्यातली डांगी गायही आता संस्थेच्या कामाचा भाग आहे. डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे ती सह्याद्रीच्या धो-धो पावसात टिकते. दूध कमी, पण चिखलात भात आवणीला तिच्या बैलांसारखे बैल नाहीत. संकरीकरणाने सुरुवात केलेल्या संस्थेने स्थानिक जात जपायला घ्यावी यात विसंगती नाही. बागायती पट्ट्यातल्या आणि डोंगरातल्या गोठ्यांची गरज वेगळी आहे, हे वासद्यातच कळले होते.

बदलता पाऊस

गेल्या काही वर्षांत पाऊस पूर्वीच्या वेळापत्रकाने येत नाही, हे डोंगरातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. जूनमध्ये मोठी ओढ पडली की राबात पेरलेले रोप पिवळे पडते आणि दुबार पेरणी करावी लागते. ऑक्टोबरमधला अवकाळी पाऊस खळ्यावरचा भात भिजवतो. डिसेंबर-जानेवारीत ढगाळ हवा राहिली की आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे आणि भुरी येते. मार्चमध्ये उन्हाचा तडाखा बसला की कैऱ्या गळतात. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यालगत गेले, तेव्हा पालघरच्या बागांतला तोडणीला आलेला आंबा जमिनीवर आला.

हवामानबदलाचा मुकाबला करण्यासाठी वाडी आखलेली नव्हती. १९८२ मध्ये तो शब्दही पाड्यावर नव्हता. तरी आज तिचा उपयोग दिसतो, कारण तिची रचनाच कोणत्याही एका पिकावर घर टेकवू देत नाही. मोहोर गेला तर काजू असतो. भात बुडाला तरी उतारावरची नागली तग धरते. दोन्ही फसले तर बांधावरचा बांबू विकता येतो, शेळी विकता येते, मोगऱ्याची कळी खुडता येते. घरात राखलेले हळवे आणि गरवे बी असेल, तर पावसाचा अंदाज घेऊन दुसऱ्यांदा पेरता येते. दुकानात उधार मागावे लागत नाही. बांधामुळे थांबलेली माती आणि झाडांची सावली विहिरीचे पाणी थोडे अधिक दिवस टिकवते. वनहक्क कायद्यानंतर ज्या कुटुंबांना वनपट्टे मिळाले, त्यांच्यासाठी हीच रचना जंगलाला धरून शेती करण्याची वाट ठरली आहे : जमीन आपल्या नावावर आल्यावर माणूस त्यावर पंचवीस वर्षांचे झाड लावायला धजावतो.

पुढचे काम

स्थापनेला सहा दशके होत आली असताना संस्थेपुढे तीन प्रश्न आहेत. पहिला पाण्याचा : नव्या वाडीत खड्ड्याआधी पाणी, हा क्रम सक्तीचा हवा. जुन्या वाड्यांना झरे, जलकुंडे आणि सौरपंप पोचवायचे राहिले आहेत. दुसरा बाजाराचा : एक एकराच्या बागेतला आंबा मोहोरावरच गेला, तर त्या कुटुंबाला परवडेल असा विमा आणि पडत्या भावात माल थोपवून धरणारी गोदामे लागतील. उत्पादक कंपन्यांची खरी कसोटी तिथेच आहे. तिसरा माणसांचा आहे. बहुतेक निधी तीन ते पाच वर्षांसाठी येतो. आंब्याला भरघोस फळ लागायला सात-आठ वर्षे लागतात आणि सामूहिक वनहक्काचे जंगल उभे राहायला त्याहून अधिक. ज्या वर्षी निधी संपतो, त्याच वर्षी कीड येते, वणवा लागतो किंवा पाऊस दगा देतो, आणि नेमके तेव्हा दारात येणारे कोणी नसते. गाय असो, आंबा असो की बियाणे, संस्थेचे प्रत्येक काम टिकले ते कार्यकर्ता पुन्हा त्याच दारात गेला म्हणून. प्रकल्पाची मुदत संपल्यावरही तो जात राहील, त्याच्या पगाराची सोय गावाच्या उत्पादक कंपनीतून किंवा संस्थेच्या स्वतःच्या कायम निधीतून होईल, अशी व्यवस्था उभारणे हे पुढच्या विश्वस्तांचे पहिले काम राहील.